भाऊसाहेबांची उलटतपासणी

अ‍ॅड. मोरेश्वर मेहेंदळे, म्हणजे आपणा सर्वांचे भाऊसाहेब, यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने कळवले, तेव्हा मी आनंदाने होकार दिला आणि मग घरी येऊन डोके धरून बसलो. मंडळाने विषयही नेमून दिला आहे: 'भाऊसाहेबांची ठाम भूमिका'. ज्याने हा विषय काढला त्याने भाऊसाहेबांच्या ऑफिसात एक सकाळ तरी काढली आहे का, अशी मला दाट शंका आहे. मी तिथे कित्येक वर्षे ज्युनियर म्हणून काढली. त्यांचे अक्षर, त्यांचा पानाचा डबा, जिन्यावरचा त्यांच्या चपलांचा आवाज, सगळे मला पाठ आहे. त्यांची ठाम भूमिका कोणती, एवढे मात्र मला विचारू नका. माझ्या आयुष्यातला पहिला मोठा दावा मी भाऊसाहेबांच्या विरुद्ध जिंकला, आणि तो मी जिंकला की त्यांनी मला जिंकू दिला, हे मला आजतागायत कळलेले नाही. गौरवग्रंथात असा गोंधळ मांडणे शोभते की नाही, ठाऊक नाही. पण लेख माझ्याकडे मागितला आहे, तेव्हा गोंधळही माझाच मिळणार.

सुरुवात पहिल्या ओळखीपासून करण्याची रीत आहे, म्हणून मीही तिथूनच करतो. तेव्हा कामोठे हे भातशेतीचे गाव होते. आमच्या खाडीकाठच्या खाजणातल्या शेताच्या बांधावरून शेजाऱ्याशी तंटा लागला होता. मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होतो, म्हणून वडील मला दाखवायला म्हणून बरोबर घेऊन पनवेलला भाऊसाहेबांकडे गेले. भाऊसाहेबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, डोळे मिटले आणि बोलायला लागले. पण बोलत होते ते शेजाऱ्याच्या बाजूने. बांध त्याचाच कसा, पाणी आम्हीच कसे वळवले, माझे आजोबाच मूळचे कसे आगाऊ असले पाहिजेत, हे त्यांनी असे काही मांडले की मलाही आजोबांचा राग यायला लागला. वडील उठून उभे राहिले.

"चल रे," ते मला म्हणाले, "ह्यो वकील त्यांनी आदीच करून ठेवलाय."

"बसा, चहा येतोय," भाऊसाहेब डोळे न उघडता म्हणाले.

चहा आला. कप खाली ठेवला आणि भाऊसाहेबांनी स्वतःच मांडलेल्या मुद्द्यांचा एकेक करून असा चुराडा केला की शेजाऱ्याकडे म्हणायला काही उरलेच नाही. पुढे दावाही तसाच लागला. त्या दिवशी एसटी स्टँडकडे चालताना वडील म्हणाले, "मानूस बरा हाय. पन त्याला चा पाजल्याबिगर त्याचं काय मनावर घ्यायचं नाय."

वडिलांचे हे वाक्य पंचक्रोशीत कसे पसरले कोण जाणे, पण पसरले. भाऊसाहेब चहाच्या आधी समोरच्याचे असतात आणि चहानंतर आपले, हे पुढे गावोगाव लोकांना पक्के ठाऊक झाले. भाऊसाहेबांचे म्हणणे वेगळे होते. समोरच्याची बाजू त्याच्या वकिलापेक्षा आपल्याला चांगली मांडता आली पाहिजे, तोवर आपली बाजू आपल्याला कळलेलीच नसते, असे ते मला शिकवत. ज्याला धीर नव्हता त्याचे मात्र हाल होत. विचुंब्याचे एक गृहस्थ चहा यायच्या आत घाबरून निघून गेले आणि दुसऱ्या वकिलाला वकीलपत्र देऊन बसले. पुढे ते हरले. भाऊसाहेबांना ते कळले तेव्हा दिवसभर त्यांना चुकल्या-चुकल्यासारखे होत होते. "अरे, दूध उतू गेलं होतं म्हणून उशीर झाला रे," असे ते मला पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

राजकारणातही त्यांची ही खोड गेली नाही. नगरसेवकाच्या निवडणुकीत कापड बाजारातल्या कोपरा सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "समोरचे उमेदवार माझ्यापेक्षा तरुण आहेत. गटार बघायला वाकावं लागतं. ते त्यांना जमेल. माझी कंबर धरते." कार्यकर्त्यांची पाचावर धारण बसली. समोरच्या उमेदवाराने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या सभेत या प्रशस्तीबद्दल भाऊसाहेबांचे जाहीर आभार मानले आणि तिथेच तो पडला. निवडून आल्यावर मात्र भाऊसाहेब कंबरेला पट्टा बांधून ऑफिसच्या आळीतल्या प्रत्येक गटारावर वाकले. रहिवाशांपुढे ते कंत्राटदाराची अडचण सांगत आणि कंत्राटदारापुढे रहिवाशांची. दोघेही त्यांच्यावर वैतागत, आणि गटार मात्र होऊन जाई.

त्यांच्या घरगुती मायेबद्दल लिहायचे तर माझ्या साखरपुड्याचेच लिहितो. भाऊसाहेब आणि त्यांच्या पत्नी माई, दोघेही कामोठ्याला आले. भाऊसाहेब पक्के शाकाहारी, मासळीचा वाससुद्धा सहन न होणारे. माझ्या आईला त्यांना काय वाढावे याची चिंता. त्यांनी तांदळाची भाकरी आणि मिरचीचा ठेचा मागून घेतला आणि मांडवातच बैठक मारली. इथपर्यंत ठीक होते. मग माझे होणारे सासरे शेजारी येऊन बसले आणि भाऊसाहेबांनी मुलीची बाजू घेतली. मुलगा संतापी आहे, उशिरा उठतो, फाईल जागेवर ठेवत नाही, इंग्रजी कच्चे आहे, असे एकेक निघू लागले. सासऱ्यांचा चेहरा उतरला. माझे वडील मांडवातूनच ओरडले, "चा आना रे, आदी चा आना." चहा झाल्यावर भाऊसाहेब माझ्याबद्दल जे बोलले ते ऐकून माझी आई पदराने डोळे टिपत होती. माझ्या अंगावरचा पहिला काळा गाऊनही त्यांचाच जुना. माईंनी तो हाताने आखूड करून दिला होता. हा गाऊन लक्षात ठेवा, कारण तो पुढे कामाला येणार आहे.

आता मागच्या खिडकीविषयी. भाऊसाहेबांचे ऑफिस घराच्या पुढच्या खोलीत आणि त्यांची बसायची खोली मागच्या अंगाला. तिची खिडकी थेट मासळी बाजारावर उघडते. उघडते म्हणजे उघडायची सोय आहे. रोज सकाळी बाजार भरायच्या आत भाऊसाहेब स्वतःच्या हाताने ती खिडकी लावून घेत, कडी नीट बसली का पाहत आणि मगच पहिल्या फाइलला हात लावत. "बाजार इथून हलला की मी खुर्ची या खिडकीशी ठेवणार आणि वारा खात बसणार," असे ते सदोदित म्हणत. माईंनी एका दिवाळीला वेताची आरामखुर्ची नव्याने विणून घेतली होती आणि ती त्या बंद खिडकीपाशी ठेवूनही दिली होती. बाजार हलावा असे त्यांना मनापासून वाटे. यात दुसरी बाजू नव्हती, निदान मला तरी कधी दिसली नाही.

ऐंशीचे दशक संपत आले होते. नवीन पनवेलात मुंबई-पुण्याहून नोकरदार कुटुंबे राहायला येत होती आणि जुन्या गावातल्या दुकानांच्या गाळ्यांना सोन्याचा भाव आला होता. ज्या मंडईत मासळी बाजार भरे ती जागा पूर्वी एका शेठजींनी दान दिलेली. तिचा एक ट्रस्ट होता, विश्वस्त बहुतेक व्यापारी आणि अध्यक्ष आपले भाऊसाहेब. विश्वस्तांनी ठरवले की मासळीवाल्या बायकांना गाढी नदीच्या पुलापलीकडे हलवायचे आणि इथे दुमजली गाळे बांधायचे. पुलापलीकडे तेव्हा बगळ्यांखेरीज कुणी गिऱ्हाईक फिरकत नव्हते. मात्र शेठजींनी दान देताना एक अट घातली होती, आणि ती मंडईत सगळ्यांना तोंडपाठ होती: बसणाऱ्यांना विचारल्याशिवाय त्यांची जागा हलवायची नाही.

म्हणून विश्वस्तांनी मंडईत सत्यनारायण घातला. सगळ्या मासळीवाल्या बायकांना तीर्थप्रसादाचे आमंत्रण होते. आरती झाली, हातावर शिरा पडला आणि भाऊसाहेब बोलायला उभे राहिले. पुलापलीकडची जागा किती मोकळी, पाण्याचा नळ कसा वेगळा, सावलीला पत्रे कसे, हे त्यांनी छान रंगवून सांगितले. मी तिथे होतो. बायका शिरा खात ऐकत होत्या, मधूनच हसत होत्या. बायकांची पुढारी हिराबाई, सासूच्या मागे त्याच ओट्यावर बसत आलेली. तिने विचारले, "सायेब, तुमी आज कोनाच्या बाजूनं हाय?"

"आज ट्रस्टच्या," भाऊसाहेब म्हणाले, आणि बायका आणखी हसल्या. चहा अजून झाला नव्हता ना. सत्यनारायणाला शिरा असतो, चहा नसतो. तेव्हा भाऊसाहेबांचे आजचे बोलणे मनावर घ्यायचे नाही, अशी समजूत करून घेऊन त्या घरी गेल्या. विश्वस्तांनी कागदावर मांडले की सभा झाली, बायकांना विचारले, कुणीही हरकत घेतली नाही. मग जागा खाली करण्याच्या नोटिसा निघाल्या.

नोटिसा घेऊन हिराबाई आणि तिच्याबरोबर पाच-सहा जणी आमच्या ऑफिसात आल्या. भाऊसाहेबांनी डोळे मिटले आणि ट्रस्टची बाजू मांडायला सुरुवात केली. माश्या, घाण पाणी, वास, गर्दी. बायका निवांत बसून होत्या. चहा आला, सगळ्यांनी प्याला, बशा पुसल्यासारख्या कोरड्या झाल्या. बायका भाऊसाहेबांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिलो.

"या खेपेला माझी बाजू हीच आहे," भाऊसाहेब म्हणाले.

हिराबाईने रिकामी बशी खाली ठेवली. मग म्हणाली, "सायेब, गिऱ्हाईक जागेला वळखतं, मला नाय वळखत. त्या वट्यावरनं उठले तर मी कोनी नाय. मग आमचा वकील कोन?"

"हा बसलाय ना," भाऊसाहेबांनी माझ्याकडे बोट केले. "म्हात्रे, यांचं काम तू घे. पण या ऑफिसात बसून नाही. टेबल उचल उद्या."

मला हाकलले की मोठे केले, हे मला तेव्हा कळले नाही आणि अजूनही कळलेले नाही. मी टेबल उचलले. टपाल नाक्यावर एका झेरॉक्सच्या दुकानाच्या मागे जागा मिळाली आणि तिथे माझ्या नावाची पाटी लागली. दावा दाखल केला, तात्पुरता मनाई हुकूम मिळाला, आणि मग खरी सुनावणी सुरू झाली. गावात मला बघून लोक म्हणत, गुरूची विद्या गुरूला फळणार बघा. ते ऐकले की मी रस्ता बदलून जाई.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट चालली होती. त्या वर्षी नगराध्यक्षपद भाऊसाहेबांकडे येणार, हे ठरल्यातच जमा होते. ज्या मंडळींच्या शब्दावर ते पद ठरणार होते, त्यातले बहुतेक मंडईचे विश्वस्त होते. भाऊसाहेबांना हे पद हवे होते. ते तसे बोलूनही दाखवत. माईंनी सत्कारासाठी त्यांचा कोट धुवायला टाकला होता, असे मला त्यांच्याच मोलकरणीने सांगितले. आधीच दोन विश्वस्तांनी कोर्टात शपथेवर सांगितले होते की सभा झाली, बायकांना विचारले. आता अध्यक्ष म्हणून भाऊसाहेबांनी तेवढे म्हटले की हिराबाईचा ओटा गेला, हे शाळकरी पोरालाही कळले असते.

साक्षीच्या दिवशी कोर्ट भरून गेले. ट्रस्टने अलिबागहून मोठे वकील आणले होते. साक्षीदारच वकील म्हटल्यावर ते अगदी निर्धास्त होते. त्यांनी विचारले, पूजेला या स्त्रिया हजर होत्या का? होत्या. आपण योजना समजावून सांगितलीत का? सांगितली. कुणी हरकत घेतली का? नाही घेतली. अलिबागचे वकीलसाहेब हसतमुखाने खाली बसले आणि मी उभा राहिलो. माझ्या अंगावर भाऊसाहेबांचाच गाऊन होता आणि पिंजऱ्यात स्वतः भाऊसाहेब. त्यांनी एकदा गाऊनकडे पाहिले आणि मान वळवली.

मी वय विचारले, ते अध्यक्ष कधी झाले ते विचारले, मंडईत ओटे किती ते विचारले. सगळे पाणी घालून वाढवलेले प्रश्न. कळीचा प्रश्न माझ्या जिभेवर होता, पण तो विचारायची माझी हिंमत नव्हती. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला ठाऊक नाही तो उलटतपासणीत कधीही विचारायचा नाही, हा भाऊसाहेबांचा पहिला धडा. आणि इथे उत्तर द्यायला तेच उभे होते. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी गत झाली होती. मी 'आणखी प्रश्न नाहीत' म्हणून बसणार, तोच मागून कुणी तरी गाऊन ओढला. हिराबाई होती.

"सरल विचार त्यांना," ती कुजबुजली. "मघाशी कॅन्टीनमदी चा पिताना बघितलाय मी. आता आपल्या बाजूनं बोलतील."

हसावे की रडावे ते कळेना. बाई एवढ्या वर्षांच्या अनुभवावर आपला ओटा पणाला लावायला निघाली होती, तोही एका कॅन्टीनच्या चहावर. पण ओटा तिचा होता, माझा नव्हता. मी पुन्हा उभा राहिलो.

"त्या दिवशी आपण या बायकांना काय विचारलंत?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. ऑफिसात मी चुकीच्या कलमावर बोट ठेवले की ते जसे बघत, तसेच.

"काही विचारलं नाही," ते म्हणाले.

न्यायाधीशसाहेबांनी पेन थांबवले. "म्हणजे? सभा झाली म्हणून आपल्याच विश्वस्तांनी सांगितलं आहे."

"मी बोललो. त्यांनी ऐकलं. विचारलं नाही." मग ते म्हणाले, "पूजा झाली, प्रसाद झाला. सभा झाली नाही."

अलिबागचे वकील अर्धवट उठून तसेच राहिले. मागच्या बाकावर विश्वस्तांची कुजबुज सुरू झाली. हिराबाईने शेजारणीला कोपर मारले, म्हणजे बघ, चहाचा गुण. दाव्याचा निकाल त्या एका वाक्यावर लागला. बाजार जागेवर राहिला.

त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर मी भाऊसाहेबांच्या पाया पडायला वाकलो. ते भयंकर संतापले होते. "गाढवा, प्रश्न चुकीचा विचारलास," ते म्हणाले. "उत्तर माहीत नसताना विचारायचा नाही, कितीदा सांगितलंय? मी विचारलं असं म्हटलं असतं, तर या बायका आज कुठे गेल्या असत्या?"

"मग म्हटलं का नाहीत, भाऊसाहेब?"

"विचारलं नव्हतं म्हणून," असे म्हणून ते रिक्षात बसून निघून गेले.

नगराध्यक्षपद हातातोंडाशी येऊन गेले. पुढच्या निवडणुकीत त्यांना तिकीटही मिळाले नाही. ट्रस्टमधून त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. निकालानंतर हिराबाईने त्यांच्या दारात नारळ ठेवला, तर आतून आवाज आला, "प्रतिवादीच्या घरी नारळ कसला? आम्ही अपिलात जाणार आहोत, सांग तिला." माईंनी नारळ आत नेला. अपील काही झाले नाही. या सगळ्याबद्दल भाऊसाहेबांच्या तोंडून तक्रारीचा एक शब्द मी ऐकला नाही. माझ्या बायकोच्या आजारपणात ते रोज दवाखान्यात येऊन बसत, डॉक्टरांपुढे आमची बाजू आणि आमच्यापुढे डॉक्टरांची मांडत. पण त्या खटल्याविषयी एक अक्षर नाही.

माझे सगळे नाव त्या निकालावर उभे आहे. जासईपासून विचुंब्यापर्यंतची माणसे 'मेहेंदळ्यांना हरवणारा वकील' म्हणून माझ्याकडे येतात. आणि मला मात्र तो घास घशाखाली उतरत नाही. जो माणूस अशिलाला त्याच्या गाईचे नावसुद्धा विचारल्याशिवाय काम घेत नसे, तो त्या एका दिवशी बायकांना विचारायला विसरला? मग ती फट त्यांनी मुद्दाम ठेवली होती का? आणि मुद्दाम ठेवली असेल तर पायऱ्यांवर एवढे संतापले का? खरे सांगायचे तर संतापाचा हिशेब लागला असता तर मी कधीच झोपी गेलो असतो.

हा लेख लिहायचा म्हणून मागच्या आठवड्यात सकाळीच त्यांच्याकडे गेलो आणि सरळ विचारले. हिराबाईचीच पद्धत. भाऊसाहेब आता काठी घेऊन चालतात, आवाज मात्र तोच. माईंनी चहा दिला. भाऊसाहेबांनी कप ठेवला आणि डोळे मिटले.

"अर्थातच मुद्दाम," ते म्हणाले. "आयुष्यात मी न विचारता कुणाचं पाणी घेतलं नाही. फट ठेवली होती आणि तू ती बघावीस म्हणून तुला टेबल उचलायला लावलं. माझ्या सावलीत बसून माझ्याविरुद्ध कुणी उभं राहत नसतं."

माझे डोळे भरून आले. इतक्यात माईंनी दुसरा चहा आणला, कारण भाऊसाहेबांना आता अर्धा अर्धा कप करून घ्यावा लागतो. तो पिऊन झाला आणि भाऊसाहेब सुरू झाले.

"आणि तू हे खरं मानलंस? मला बाजार हलवायचा होता. नगराध्यक्षही व्हायचं होतं. बायकांना विचारलं नाही, कारण त्या नाही म्हणणार हे मला ठाऊक होतं. त्यांनी तोंडावर नाही म्हटलं असतं तर मला त्यांची बाजू घ्यावी लागली असती. ते टाळायला मी विचारलंच नाही. कुणी मला विचारणार नाही असं वाटलं होतं. तू विचारलंस. शपथ घेतलेली होती, सांगावं लागलं. यात मोठेपणा कसला शोधतोस?"

आता मंडळी, चहा दोन झाले. पहिल्या चहानंतरचे खरे मानायचे की दुसऱ्या? वडील असते तर त्यांना विचारले असते. मी आणखी काही विचारणार, तोच बाहेर बाजार भरात आला. मागच्या खोलीची झाडलोट करताना मोलकरणीने खिडकी उघडी टाकली असावी. बोंबील आणि मांदेलीचा वास घरभर पसरला. भाऊसाहेबांनी नाकाला उपरणे लावले आणि माझ्यावर खेकसले.

"म्हात्रे, ती खिडकी लाव आधी. तुझ्यामुळं जन्मभर लावून बसावं लागतंय मला."

हे मात्र युक्तिवाद म्हणून नव्हते. डोळे मिटलेले नव्हते, चहाचा कपही हातात नव्हता. नाकात वास गेलेला माणूस जसे बोलतो तसे ते बोलून गेले होते. तुझ्यामुळं. मी त्या शब्दाची इतकी वर्षे वाट पाहत होतो, हे मला तो कानावर पडल्यावर कळले.

मी मागच्या खोलीत गेलो. खिडकीशी माईंनी विणून घेतलेली वेताची खुर्ची होती, कधी कुणी न बसल्यामुळे अजून कोरी. खाली हिराबाई आपल्या ओट्यावर बसून एका नोकरदार बाईशी पापलेटाच्या भावावरून हुज्जत घालत होती. मी खिडकी लावली आणि कडी नीट बसली का ते पाहिले.

भाऊसाहेबांना उत्तम आरोग्य लाभो, शंभरी पार करून ते आपल्या सर्वांच्या विरुद्ध बोलत राहोत. आणि ती खिडकी तोवर बंदच राहो.